कामठीच्या महालक्ष्मीचा हार

गिरिधरला त्या दिवशी सकाळपासून बायकोची फार काळजी वाटत होती. मिनलला शंका यायला हवी होती ती तिथंच. पण नवऱ्याच्या काळजीवर संशय घेणारी बाई ती नव्हती. उलट तिला जरा बरंच वाटलं.

"तू कायले दगदग करतं? ऑर्डरी पडल्या आहे तुह्या," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "मी जाऊन येतो. प्रसाद आणतो डब्यात."

"महालक्ष्मीच्या जेवणाले घरची सूनच नाई गेली तं कसं दिसन? मांगच्या वर्षी बी माही अडचण होती, जमलं नाई. लोकं म्हणतीन, लहानीले माज आला."

गिरिधरनं नाडी दोनदा सोडून दोनदा बांधली.

जरीपटक्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत बाकी सगळं. एके काळी गिरिधरची धंतोलीत खानावळ होती. गावोगावहून पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना पोळी-भाजीचे डबे पुरवायचे, असा धंदा. धंदा वाईट नव्हता, भागीदार वाईट निघाला. एक दिवस त्यानं काखा वर केल्या, आणि जागेचं भाडं, किराणावाल्याची उधारी, गॅसवाल्याचं बिल, सगळं गिरिधरच्या अंगावर येऊन पडलं. आता तो तिथंच दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभा राहायचा.

त्या दिवसांत मिनलनं आईचा हार काढून दिला होता. तीनपदरी, गळ्याशी बेतानं बसणारा. माहेरी वरोऱ्याला आईनं कपाशी वेचणीला जाऊन, पोटाला चिमटा काढून केलेला तो हार लग्नात लेकीच्या गळ्यात घातला होता. देताना मिनल रडली नाही. तिनं एवढंच विचारलं होतं, "परत येईन ना?"

"गहाणच तं ठेवून राहिलो, वं. इतवारीतला सराफ ओळखीचा आहे. व्याज देत गेलो, थोडं थोडं मुद्दल देत गेलो, की सुटते."

तेव्हापासून दर महिन्याला मिनल शिलाईचे पैसे गिरिधरच्या हातावर ठेवायची. बाजारातल्या दुकानांचे ब्लाऊज, फॉल, पिको, लग्नसराईत तर रोजच्या रोज पाठ मोडेपर्यंत काम. चष्म्याचा नंबर वाढला, तो बदलला नाही. दुधातून अर्धा लिटर कमी केलं. पैसे देताना तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "किती राहिलं?" आणि त्याचं उत्तरही ठरलेलं, "दिवाळीपर्यंत सुटते पाहा." कोणत्या दिवाळीपर्यंत, ते तो सांगत नसे. तिनंही विचारलं नाही. या वर्षी मात्र सणाचं काम भरपूर आलं होतं, आणि ते पैसे पर्समध्ये घेऊनच ती निघाली होती. संध्याकाळी घरी आल्यावर देऊ, म्हणजे सुटेलच, असा तिचा हिशेब. येत्या दिवाळीला हार गळ्यात घालून वरोऱ्याला जायचं, आईला दाखवायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आई थकली होती. फोनवर हल्ली सारखी विचारायची, हार काढत नाहीस का गं कधी?

इंदोरा चौकातून शेअर ऑटो मिळाली. कामठीला उतरल्यावर गिरिधरनं नेहमीसारखे खिसे चाचपले. "सुट्टे नाई माह्यापाशी." नेहमीसारखे मिनलनं दोघांचे पैसे दिले.

मोठ्या दिराचं, मनोहररावांचं, सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं आणि वर तीन मजली घर. हॉलमध्ये महालक्ष्म्या उभ्या होत्या. मोठी ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा, पितळी मुखवटे, पैठण्या, पुढ्यात फुलोरा आणि फराळाची ताटं. त्यांच्या अंगातले ब्लाऊज मिनलच्याच हातचे. दर वर्षी देवीचे ब्लाऊज ती शिवायची, बिनपैशाचे. तो तिचा मान होता. मागच्या वर्षी गिरिधरनंच माप आणलं होतं. "वहिनी म्हणते, मोठीचा गळा जरा खोल ठेव. दादानं नवीन हार केला म्हणे, तो दिसला पाहिजे." मिनलनं गळा खोल ठेवला होता, कडेला बारीक सोनेरी पायपिंग लावलं होतं. जावेच्या नव्या हाराचा तिला थोडा हेवा वाटला होता, आणि मग देवीच्या कामात हेवा आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली होती.

हळद-कुंकू वाहून ती वर बघते तर मोठीच्या गळ्यात हार. तीनपदरी. यंदाही तशाच ठेवलेल्या खोल गळ्यात कसा अगदी उठून दिसत होता. अगदी आपल्या हारासारखा. पण तीनपदरी हार काय जगात एकच असतो का? तिनं स्वतःलाच रागावलं.

"मिनल, बरं झालं तू आली," वच्छलाताई, तिची जाऊ, पदर खोचत आली. मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची, पण मनानं साफ बाई. "मोठीच्या ब्लाऊजचा मांगचा हूक निघाला पाय. तुह्याशिवाय कोण लावन? सुई देतो थांब."

सुई-दोरा घेऊन मिनल देवीच्या मागे गेली. भिंत आणि देवी यांच्यात जेमतेम माणूस मावेल एवढी जागा. पदर बाजूला केला, आणि समोर हार मानेमागं अडकवायचा फासा.

त्या फाशाला दुसरा जोड जगात नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बस पकडताना तो तुटला होता, आणि वरोऱ्याच्या सोनारानं त्यात आडवी खीळ बसवून दिली होती. सोनं कमी पडलं म्हणून खीळ तांब्याची. अंगठ्यानं खीळ दाबायची, खाली ओढायची, मग सुटतो. स्वतःच्या मानेमागं तो कधीच लावता यायचा नाही. लग्नकार्याला निघताना ती पाठमोरी उभी राहायची, केस वर धरायची, आणि गिरिधर लावून द्यायचा. लावल्यावर मानेवर हलकीच फुंकर घालायचा. एवढ्या वर्षांत हा फासा त्या दोघांशिवाय कोणाला जमला नव्हता.

तिनं हूक लावला. टाका पक्का घातला, दोरा दातानं तोडला. टाका वाकडा गेला नाही.

"ताई," बाहेर येऊन तिनं विचारलं, "हार कोणं लावला देवीले?"

"कोण लावन? गिरिधर भाऊजीनं. काल मुद्दाम आले होते दुकानातून परस्पर. मांगच्या वर्षी बी त्यायनंच लावला. आमच्या कोणाले तो फासा जमतच नाई, बाप्पा." बोलता बोलता वच्छलाताईचा आवाज खाली आला. तिनं मिनलच्या दंडाला हात लावला. "भाऊजी म्हणे, मिनलनंच राजीखुशीनं विकायले दिला, पण तिच्यासमोर विषय काढू नका, तिले लागते. म्हणून मी कधी बोलली नाई. देवीशिवाय अंगावर बी घातला नाई मी तो. तुह्या मायचा ना?"

विकायला. मिनलला तो एकच शब्द ऐकू आला.

"हाव," ती म्हणाली. "मायचा."

वच्छलाताईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. "तुले माहीतच नव्हतं?" असं ती पुटपुटली, पण तेवढ्यात आतून कोणीतरी आंबिलीसाठी हाक मारली.

गिरिधर मागच्या अंगणात केळीची पानं पुसत होता. मिनल समोर येऊन उभी राहिली, तशी त्यानं मान वर केली नाही. पुसलेलंच पान पुन्हा पुसायला घेतलं.

"इतवारीचा सराफ कामठीले कधी राहाले आला?"

"हळू बोल, पाहुणे आहे."

"मी हळूच बोलून राहिली."

"गहाण ठेवून भागत नव्हतं, मिनल. गॅसवाला दारात बसला होता. दादा म्हणे, बाहेर कायले देतं, मले दे, रोख देतो. दादा काय परका आहे? घरातलं सोनं घरातच राहिलं."

"कोणाच्या घरात?"

गिरिधरनं पुढचं पान ओढलं.

"आन् मी दर महिन्याले देत होती, ते?"

त्यानं पानाच्या शिरेवरून कापड फिरवलं. मग म्हणाला, "मोबाईलवरून कर्ज काढलं होतं. एक फेडाले दुसरं. त्याचे हप्ते. तुले टेन्शन कायले द्याचं म्हणून…"

मिनलला वाटलं होतं, आपण रडू, ओरडू. तसं काही झालं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते तिनं ऐकलं होतं. कापणाऱ्यानं आधी मानेवर फुंकर घातलेली असते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"मले विचारलं असतं," ती म्हणाली, "तं मीच काढून दिला असता विकाले. मोबाईलचं कर्ज बी फेडलं असतं. मशीन तेच, पाय तेच. पण मी हार सोडवून राहिली होती, जी. दर महिन्याले किती राहिलं म्हणून विचारत होती. तुम्ही तोंडावर सांगत होते, दिवाळीले सुटते."

"चुकलं माह्यं."

"आन् देवीच्या ब्लाऊजचा गळा खोल ठेव म्हणून तुम्हीच सांगतलं मले. तुमच्यानं बोलवलं कसं?"

गिरिधरनं पुसलेली पानं गोळा केली आणि तो आत गेला.

पंगत बसली. मिनलनं पदर खोचून वाढलं. सोळा भाज्या, कढी, पुरणपोळी, वर तुपाची धार. मनोहरराव मधोमध बसले होते. पाहुण्यांपैकी कोणीतरी देवीच्या हाराची तारीफ केली, तसे ते खुलले.

"सोनं घ्यावं तं टायमावर! दोन वर्षांत भाव कुठच्या कुठं गेला. गिरिधरनं स्वस्तात दिला, आपल्या नशिबानं."

वाढता वाढता मिनल थांबली. "दादा, परत घ्याचा म्हटलं तं?"

मनोहररावांनी घास गिळला. "घे ना, कोण नाई म्हणते. घरची म्हणून मजुरी सोडून देतो. पण भाव आजचाच लागन. व्यवहार आहे, बेटा."

आजचा भाव मिनलला ठाऊक होता. आयुष्यभर मशीन चालवलं तरी तेवढे पैसे तिच्या हातात येणार नव्हते. तिनं त्यांच्या पोळीवर तूप वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.

निघताना तिनं वच्छलाताईला हाताला धरून देवीच्या मागे नेलं.

"ताई, पाहा. इथं अंगठ्यानं दाबाचं. आन् खाली ओढाचं, बाजूले नाई. खीळ तांब्याची आहे, जोर लावला तं वाकते."

"आता कायले वं? उद्या विसर्जनाले भाऊजी येतीन काढाले."

"नाई येणार. आता तुम्हाले जमते. उद्या तुम्हीच काढा, पुढच्या वर्षी तुम्हीच लावा." तिनं फाशावर एकदा बोट टेकवलं, उघडला नाही, आणि देवीचा पदर नीट सारखा केला. वच्छलाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मिनलच्या नाही.

परतीच्या ऑटोत दोघं शेजारी बसले. ऑटोमोटिव्ह चौक गेल्यावर गिरिधर हळूच म्हणाला, "मिनल, या महिन्याचं… उद्या हप्त्याची तारीख आहे."

आजवर मिनलनं या वाक्यावर पर्स उघडली होती. आज ती म्हणाली, "हप्ता कशाचा?"

तो बाहेर बघू लागला.

इंदोरा चौकात ऑटो थांबली. गिरिधर उतरून, खिसे चाचपत, सवयीनं बाजूला उभा राहिला. मिनलनं पर्समधून एक नोट काढून ड्रायव्हरला दिली. त्यानं नोट पाहिली, मग दोघांकडे पाहिलं.

"ताई, दोघांचे ना?"

"नाई गा दादा," मिनल म्हणाली, "माह्ये एकटीचे," आणि उरलेले सुट्टे न मोजताच पर्समध्ये टाकून ती बाजाराच्या दिशेनं चालू लागली.