काचेच्या जगाची बेंबी

मिल्ड्रेडच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग बेंबीदर्शन.

बेंबी सरबताच्या निळ्या काचेच्या जगाची. ती शिकवायची त्या शाळेच्या प्रिन्सिपॉल हॅरिएट मॅडमनी रिटायर होताना तो भेट दिला होता. मॅडमचं गाव अमेरिकेत, ओहायो नदीकाठी. जमिनीखाली गॅस, शेजारी वाळू, म्हणून गावभर काचेचे कारखाने. आजोबा आणि वडील दोघेही नळीत फुंकर मारून भांडी घडवायचे; हा जग वडिलांच्या हातचा. मग मशीनचे ग्लास आले, बाहेरचा स्वस्त माल आला आणि एकेक भट्टी विझली.

एवढं मॅडमनी सांगितलं. पुढचं मिल्ड्रेडने इंटरनेटवर शोधलं. फुंकून केलेल्या भांड्याला कारागीर सळईवरून तोडतो, तिथे बुडाशी खरखरीत व्रण राहतो. हातकामाचा पुरावा! "मशीनच्या ग्लासला आई नसते, म्हणून बेंबी नसते," असं ती दुबईतल्या अख्ख्या अल कुसैसला ऐकवून चुकली होती.

तिचा नवरा फ्रँक. त्याला पुराव्यापेक्षा नवं डायनिंग टेबल प्रिय, आणि त्यावर बेंबीचे ओरखडे. त्यात मॅडम कायमच्या अमेरिकेला निघालेल्या, गुरुवारी शेवटचं जेवायला येणार. त्याने गुपचूप जग उचलला आणि रामेश्वरच्या काचेच्या दुकानातून बूड घासून आणला.

मिल्ड्रेडने हात फिरवला आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली. घरात आता तेवढीच उरली होती.

"अरे, त्यांच्या वडिलांच्या हाताची खूण होती ती! मॅडमना काय तोंड दाखवू?"

"टेबल दाखव."

"डॅड, यू आर नॉट हेल्पिंग," लेक जोआना म्हणाली.

गुरुवारी मिल्ड्रेडने जग सरबताने काठोकाठ भरला. म्हणजे उलटा करायची कुणाची टाप नाही. पण उन्हातून आलेल्या मॅडमनी ग्लासावर ग्लास रिचवले आणि रिकामा जग हातात घेऊन उलटा केला. त्यांचा अंगठा बुडाशी थांबला.

फ्रँक उभाच राहिला. "मॅडम, हिची काही चूक नाही. मीच घासून आणला. टेबलासाठी."

मॅडमनी बुडावरून पुन्हा अंगठा फिरवला.

"कारखाना बंद झाला त्या दिवशी डॅडींनी हा केला. बूड घासणाऱ्यांना आधीच घरी पाठवलेलं होतं. असा खरखरीत माल डॅडींनी जन्मात दाराबाहेर जाऊ दिला नव्हता. हा तसाच घरी आणला आणि कपाटात मागे सारला. मरेपर्यंत लाज वाटायची त्यांना."

ती लाज आपण बिल्डिंगभर मिरवली, हे मिल्ड्रेडच्या लक्षात आलं.

"ज्याने हा पुरा केला, त्याला मला भेटायचंय," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिल्ड्रेड आणि फ्रँकबरोबर गोऱ्या मॅडम दुकानात शिरलेल्या पाहून रामेश्वर गडबडला. "नो टेन्शन मॅडम, फिर से करेगा, फ्री!"

मॅडमनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्या वडिलांतर्फे थँक यू."

फ्रँकने मराठी करून सांगितलं. रामेश्वर मूळचा परभणीचा. त्याने आदराने विचारलं, "वडील इथंच असतेत का त्यांचे? अजून काही घासायचं असंल तर पाठवा म्हणावं."

फ्रँकने तेही इंग्रजीत सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या की मिल्ड्रेडला त्यांच्यासाठी पर्समधून टिश्यू काढावे लागले.