मोरीच्या वस्तीवरचे साडेतीस तास

गेणबा पाटकरी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी वस्तीवर त्यांचं आडनाव अजून कुणी घेत नाही. एकतीस वर्षं त्यांनी कालव्याच्या फाट्यावर पाणी वाटलं. कुणाची पाळी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, हे त्यांच्या वहीत मिनिटासकट असायचं. सख्खे भाऊ पाण्यावरून फावडी घेऊन समोरासमोर आले, तरी शेवटी "गेणबाची वही काढा" म्हणूनच खाली बसायचे. आपल्या वहीवर कोर्टातसुद्धा कुणी बोट ठेवलं नाही, असं गेणबा सांगतात. ती वही कोर्टात कधी गेलीच नव्हती, हे मात्र सांगत नाहीत.

अंथुर्ण्याच्या शिवेवर, कालव्याच्या मोरीपाशी त्यांची वस्ती. वस्तीला जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, एकतीस पोरं आणि कागदावर दोन शिक्षक. त्यांतले अजित सर संगणकावर हात चालतो म्हणून वर्षभरापूर्वी प्रतिनियुक्तीवर इंदापूरच्या शिक्षण ऑफिसात गेले ते तिकडेच राहिले. पगाराला शाळेचं नाव, कामाला ऑफिस. उरल्या प्रगतीबाई. काटेवाडीहून रोज स्कूटीवर येणाऱ्या, अकरा वर्षं याच शाळेत. वस्तीला त्यांचा अभिमान इतका, की पाहुणा आला तर डाळिंबाची बाग नंतर आणि बाई आधी दाखवायचे. "आमच्या बाई काय बी करत्यात," असं सांगायचे. त्या 'काय बी'मध्ये काय काय होतं, ते कुणी मोजलं नव्हतं.

शाळा व्यवस्थापन समितीत एक शिक्षणप्रेमी सदस्य लागतो. चौथी पास गेणबा हे वस्तीतले सरकारमान्य शिक्षणप्रेमी. म्हणून खिचडी शिजवणारी कुशाबाई रविवारी बातमी घेऊन आली, ती आधी त्यांच्याच ओट्यावर.

"आबा, बाई चालल्या."

"कुठं?"

"कायमच्या. केंद्रप्रमुख रावजी सरांकडं राजीनामा दिलाय. पुढच्या सोमवारी ते त्यो इंदापूरला नेणार. बारामतीत कुठल्याशा खासगी शाळंनं बोलावलंय."

"पगार जास्त आसंल."

"निम्मा हाय."

गेणबांनी तोंडातलं पान थुंकलं. जास्त पगारासाठी जाणारा माणूस त्यांना कळत होता. निम्म्या पगारासाठी जाणारा माणूस त्यांच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसेना. शिवाय बाई गेल्या तर नवं माणूस मिळेपर्यंत शाळेला कुलूप. पोरं चार किलोमीटर लांबच्या शाळेत जोडली जाणार आणि त्यांची नात राजलक्ष्मी तिसरीतच अर्धवट राहणार.

सोमवारी ते शाळेत हजर झाले.

"बाई, अर्जात कारण काय लिवलंय?"

"वैयक्तिक." बाई एका हातानं हजेरी घेत होत्या, दुसऱ्या हातानं मोबाइलवर तांदळाचं वजन भरत होत्या.

"आन् खरं कारण?"

"शिकवायला वेळ मिळत नाही, आबा."

गेणबा हसले. "दिवसभर शाळंतच तर आसता की तुमी!"

बाईंनी मोबाइल खाली ठेवला. "पाणी दिवसभर कालव्यातच असतं. टेलच्या, पार शेवटच्या रानाला पोचतं का? तुमीच सांगायचात ना, हेडला किती सोडलं ते विचारू नका, टेलला किती पोचलं ते विचारा? बसा मग आठवडाभर. मोजा."

हे म्हणजे पहिलवानाला लंगोट दाखवण्यासारखं झालं. गेणबांनी ट्रंकेतून कोरी वही काढली, दुकानातून पाच रुपयांचं पेन आणलं आणि वर्गाच्या दाराशी खुर्ची टाकली. मनाशी त्यांनी निकालही लावून ठेवला होता. सरकारच पाट फोडत असणार. सगळं लिहून काढायचं आणि इंदापूरला नेऊन साहेबाच्या टेबलावर आपटायचं.

पहिल्या दिवशी सरकारनं त्यांना निराश केलं नाही. साडेअकराला मेसेज आला, गेल्या महिन्यातल्या हात धुण्याच्या दिवसाचे फोटो दुपारी एकच्या आत पाठवा. एकतीस पोरं नळावर उभी राहिली. नळाला पाणी नव्हतं, म्हणून कुशाबाईनं बादली आणली. पोरांनी फोटोपुरते हात ओले केले. मग मतदार यादीचं काम निघालं. मग मुलामुलींची शौचालयं किती, ही माहिती आली. गेणबा पाटाला फूट पडली की वहीत टिपायचे तसं मान खाली घालून टिपत होते: सरकार, चाळीस मिनिटं. सरकार, पंचावन्न मिनिटं.

पण मध्येच युवराज आला. पंचवीस एकर उसाचा मालक, बुलेट शाळेच्या पायरीला टेकवून. "बाई, कारखान्याच्या ॲपवर उसाची नोंद पडंना बघा." तो गेला तोवर कुणी विम्याचा फॉर्म घेऊन उभं. मग कुणाची केवायसी, कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या बँकेतून आलेलं इंग्रजी पत्र. सगळे "दोनच मिनिटं" म्हणत आले. दोन मिनिटांत परत गेलेला एकही माणूस वहीत सापडत नाही. आणि प्रत्येक वेळी फळ्यावर अर्ध्यात थांबलेला भागाकार आपला तसाच उभा, वरचे आकडे खाली यायची वाट बघत.

मोना नावाची पहिलीतली पोरगी बुधवारी बाईंना म्हणाली, "बाई, तुमी 'थांबा हं' सोडून दुसरं कधी शिकवणार?" वर्ग हसला. बाईही हसल्या, पण फळ्याकडं तोंड करून. गेणबांना ते दाराशी बसून दिसलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेणबांनी बेरीज मांडली. आठवड्याचे एकूण तास साडेतीस. टेलला, म्हणजे पोरांपर्यंत पोचले साडेनऊ. सरकारनं फोडले दहा. आणि वस्तीनं फोडले दहा तास पस्तीस मिनिटं. सरकारपेक्षा जास्त! गेणबांनी बेरीज खोडली, परत केली. आकडा तसूभर हलला नाही. इंदापूरच्या साहेबाच्या टेबलावर आपटायची वही वस्तीच्याच डोक्यात बसणार होती.

त्याहून वाईट म्हणजे हिशोब जुळत नव्हता. साडेनऊ, दहा आणि हे दहा-पस्तीस मिळून होतात तीस तास पाच मिनिटं. पंचवीस मिनिटं गायब. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीतून पाण्याचं एक मिनिट सांडलं नव्हतं. गेणबांनी चहा बाजूला सारला. नात राजलक्ष्मी शेजारी बसून गृहपाठ करत होती.

"राजे, मंगळवारी दुपारी बाई काय करत होत्या गं? वही कोरी हाय."

"तुमचा मोबाइल."

"माझा?"

"हयातीचा दाखला काढत होत्या की. तुमी डोळं मिटत होता, उघडत होता. ओटीपी दोनदा चुकला. आमाला बाईंनी पाढे लिवाय लावलं, पण आमी सगळी तुमालाच बघत होतो."

पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत आहोत हे नोव्हेंबरात सरकारला पटवून द्यायचं असतं. ते त्यांनी चालू वर्गात, वही मांडीवर ठेवून पटवून दिलं होतं, आणि लिहायचंच विसरले होते. दुसऱ्याचा पाट फुटला की लगेच दिसतो. आपल्या फावड्याचा आवाज आपल्याला येत नाही.

त्यांनी वहीत वस्तीच्या रकान्यात पहिल्याच ओळीवर, सगळ्यांच्या वर, जागा करून लिहिलं: गेणबा पाटकरी, पंचवीस मिनिटं. हिशोब जुळला. वस्तीचे अकरा तास भरले.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात त्यांनी वस्ती जमवली आणि वही वाचायला सुरुवात केली. आधी स्वतःचं नाव वाचलं. हशा पिकला. दुसरं नाव युवराजचं आलं तेव्हा हशा आटोपता झाला.

"आबा, सरकारचं वाचा की. आमचं कशाला?" युवराज म्हणाला.

"सरकारचं दहा तास. आपलं अकरा. सरकारला शिव्या देयाच्या तर सोताला एक तास जास्त देयाव्या लागतील."

"पण बाई कधी न्हाय म्हनल्या न्हाईत!"

"न्हाय कशा म्हनतील? आपुनच गावभर सांगत फिरतो, आमच्या बाई काय बी करत्यात. कौतुक करून करून माणूस पळवून लावलं आपुन."

"मग फॉर्म भरायचं कुनी? पंचवीस एकराची नोंद मी काय दगडावर लिहू?"

"मी भरते," मागून आवाज आला. गेणबांची सून सोनल होती. बारामतीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, घरात दहा वर्षं.

गेणबा वळले. "तुला येतंय?"

"आबा, तुमचं लाइट बिल, गॅस, पोरीचं आधार, सगळं मीच करते. हयातीचा दाखला तेवढा तुमी गुपचूप बाईंकडं नेला."

"मला काय ठावं?"

"इचारलं कधी?"

आता हशा पुन्हा पिकला, आणि तो सगळा गेणबांचा होता. त्यांनी तो निमूट पदरात घेतला, कारण काम झालं होतं. ठरलं असं: वस्तीच्या कागदांसाठी दूध संकलन केंद्रात टेबल, टेबलापाशी सोनल, रोज संध्याकाळी. शाळेच्या वेळेत जो कागद घेऊन दाराशी येईल त्याला गेणबा आडवे.

सोमवारी गेणबा दाराशी बसले. युवराज सवयीनं आला, खुर्ची दिसली, बुलेट वळवली. पावणेअकरा ते पावणेबारा एकही माणूस आत गेला नाही. पाणी सुटलं की वाटेत कुठं फुटलेलं नाही हे बांधावरून चालत बघावं लागतं. गेणबा तसे कान देऊन बसले होते. आत भागाकार चालला होता, आणि पहिल्यांदाच तो शेवटच्या आकड्यापर्यंत चालला होता.

पावणेबाराला केंद्रप्रमुख रावजी सर मोटारसायकलवरून उतरले. चौदा शाळा त्यांच्याकडं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बाईंचा अर्ज.

"बाई कुठायत? तातडीची माहिती पाहिजे."

"पाळी चालू हाय," गेणबा म्हणाले.

"कसली पाळी?"

"भागाकाराची. तिसरी-चौथीची. मधी फोडता येत न्हाय."

"अहो, शौचालयांची माहिती आहे. एकपर्यंत द्यायची."

"मागच्या सोमवारी दिली बाईंनी. वहीत हाय, पस्तीस मिनिटं. आठ दिवसांत शौचालयं काय पळून गेली का, सर?"

रावजी सरांना हसू आलं, ते त्यांनी मोठ्या कष्टानं आवरलं. मोबाइल काढला, मागचे मेसेज चाळले. माहिती होतीच. जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि मागच्या सोमवारीही. तीच उचलून त्यांनी पुढं पाठवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग ते तिथंच पायरीवर बसले आणि आतला तास ऐकत राहिले. स्वतः बावीस वर्षं शिकवलेला माणूस. केंद्रप्रमुख झाल्यापासून अखंड तास त्यांच्या कानावर पडला नव्हता.

खिचडीची सुट्टी झाली. बाई बाहेर आल्या, हाताला खडू लागलेला. सरांनी सॅकमधून अर्ज काढला.

"नेऊ ना, बाई? आज टपाल आहे."

बाईंनी गेणबांकडं पाहिलं. "किती पोचले, आबा?"

"सकाळपासनं एक तास चाळीस मिनिटं. फूट न्हाय."

"तुमच्या अकरा तासांचं झालं. सरकारचे दहा तसेच आहेत. तुमी खुर्ची टाकून ॲप अडवणार का?"

"न्हाय अडवता येत," गेणबांनी कबूल केलं. "पण दाखवता येतंय." त्यांनी वही पुढं केली. शेवटच्या पानावर एकतीस पोरांच्या पालकांच्या सह्या आणि अंगठे. त्यात युवराजचीही सही, सगळ्यांत मोठी.

बाईंनी वही चाळली. फोटोचे तास, यादीचे तास, बाजूला अजित सरांच्या रिकाम्या खुर्चीची नोंद. अकरा वर्षं त्या जे कुणाला समजावू शकल्या नव्हत्या, ते चौथी पास माणसाच्या अक्षरात, मिनिटासकट मांडलेलं होतं. मग त्यांनी राजीनाम्याचा कागद हातात घेतला, 'वैयक्तिक' या शब्दावर खडूचं बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे खोटंच लिहिलं होतं मी. हा परत घेते. जूनपर्यंत थांबते. या वहीची झेरॉक्स न्या वर, माझ्या सहीनं. दोन मागण्या: अजित सर शाळेत परत, आणि एक माहिती एकदाच."

त्यांनी पालकांच्या सह्यांच्या वर, मोकळ्या जागेत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

रावजी सर घुटमळले. "हे वर नेलं तर मलाच विचारतील, बाई. म्हणतील, तुमच्या केंद्रातून कशी आली वही?"

"मग सांगा, पाटकऱ्यानं आणली," गेणबा म्हणाले.

सरांनी वही पायरीवर टेकवली. मग खिशातलं पेन काढून बाईंच्या नावाखाली लिहिलं: तास समक्ष ऐकला. खाली सही, हुद्दा, तारीख. पाठीवर सॅक टाकताना त्यांचे खांदे थोडे ताठ झाले होते, असं कुशाबाईनं नंतर सगळ्या वस्तीला सांगितलं.

खिचडीची सुट्टी संपता संपता मोटारसायकल इंदापूरच्या रस्त्याला लागली. गेणबा दारात छाती काढून उभे होते. इतक्या वर्षांत त्यांच्या वहीवर सरकारी सही पहिल्यांदाच पडली होती. आता बाई काहीतरी चांगलं बोलतील, म्हणून ते वाट बघत होते.

"आबा," बाई म्हणाल्या, "खुर्ची जरा बाजूला घ्या. मुलांना आत यायचंय."

गेणबांनी खुर्ची उचलली, आणि पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी वर्गात शिरली.