पोटाच्या वर

सोयाबीनच्या शेंगा इतक्या वाळल्या होत्या की विळा लागायच्या आधीच तडकत होत्या. सिंधु आणि शेजारची धोंडाबाई सकाळपासून काढणीला वाकल्या होत्या. दोघींच्या बोटांना शेंगांची टोकं लागून बारीक चरे पडले होते. तेवढ्यात सडकेवरून भोंग्याची रिक्षा गेली.

"उद्या शुक्रवारी, समाजमंदिरात, मोफत पोटविकार शिबिर! तपासणी मोफत, गोळ्या मोफत!"

"आलं बघ माय," धोंडाबाई कंबर धरून उभी राहिली. "आमच्या म्हाताऱ्याला न्हेते. चार दिस झाले, तांब्या घिऊन जातंय आन् तसंच माघारी येतंय. त्येचं मोकळं झालं तर सरकारला पुण्य लागंल."

"सरकारचं न्हाई मावशी. लातूरच्या संस्थेचं हाय."

"कुनाचं का असंना."

सिंधु हसली नाही. त्या संस्थेकडून दुसरंच माणूस यायचं होतं, आणि ते का आलं नाही हे तिला ठाऊक होतं.

पोळ्याच्या आठवड्यात संस्थेची विनीता गावात आली होती. गाव किल्लारीच्या अलीकडचं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. पंचायतीपुढं बैठक बसली. विनीता म्हणाली, "तरुण मुलामुलींशी बोलायला आम्ही एक ताई देणार आहोत. दर गुरुवारी येतील, वर्षभर. मनात काय चाललंय ते मुलांनी त्यांना सांगायचं. पण ताई एकच आणि गावं सहा. गरज कुठं जास्त आहे, ते मला बघायचंय."

"बोलायला मानूस?" सरपंच गुरुलिंग म्हणाला. "आमची पोरं बोलतेतच लई बाई. गप बसवायला कोन असंल तर धाडा."

सगळे हसले. विनीताही हसली, मग तिनं फॉर्म काढला. गेल्या तीन वर्षांत पंधरा ते पंचवीस वयातली किती मुलं गेली, आणि कशानं? ग्रामसेवकानं वही उघडून वाचलं. चौघं. पोटदुखी. पोटदुखी. पोटदुखी. पोटदुखी.

तिसरा सिंधुचा बालाजी होता.

विनीताचं पेन थांबलं. "चौघंही पोटदुखीनं?"

"पानीच तसलं हाय इथलं," गुरुलिंग म्हणाला.

बालाजी लातूरला शिकवणीला होता. डॉक्टरकीच्या परीक्षेत एकदा नापास झाला, मग वर्षभर पुन्हा तेच पाठ करत राहिला. दुसऱ्या खेपेचा निकाल लागला त्या दिवशी त्यानं खोलीवर जीव दिला. पंचनाम्याच्या वेळी रामकिशननं, त्याच्या बापानं, जमादाराला सांगितलं, पोटदुखीला कंटाळून केलं. त्याआधीच्या दोन घरांनीही तेच सांगितलं होतं. खरं लिहिलं तर वेडाचं घराणं म्हणतील आणि धाकट्या शिल्पाला कुणी करून घेणार नाही. सिंधुनं कागदाकडं बघितलं आणि गप्प राहिली. आणि ते अगदी खोटंही नव्हतं. शेवटच्या महिन्यात बालाजी फोनवर तेवढंच सांगत होता, आई, पोट दुखायलंय. ओवा चावून खा, असं तिनं दर वेळी सांगितलं होतं.

त्या बैठकीत तिनं खरं सांगायला तोंड उघडलं. समोर पुरुषांत बसलेला रामकिशन पायातल्या चपलांकडं बघत हळूहळू मान हलवत होता. नको.

"ताई, तुम्ही काही म्हणत होता?" विनीतानं विचारलं.

"पान्याचं खरं हाय," सिंधु म्हणाली.

आता शिल्पा घरी होती. तीही लातूरला, बारावीला. दसऱ्याला म्हणून आली ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. भाकरी तशीच राहायची. सोमवारी तिची टेस्ट होती. काय झालंय विचारलं की म्हणायची, "पोट दुखायलंय."

शुक्रवारी सिंधु तिला शिबिरात घेऊन गेली. समाजमंदिरात जत्राच भरली होती. धोंडाबाईच्या म्हाताऱ्यानं आजार इतक्या मोठ्यानं सांगितला की बाहेरची पोरं खिदळली. शिल्पाची पाळी आली. डॉक्टरनं यंत्र फिरवलं, दोन ठिकाणी दाबून बघितलं.

"पोटात काही नाही. अगदी नॉर्मल. ही गोळी सकाळी उपाशीपोटी घे. पुढचे!"

बाहेर विनीता पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. संस्थेनं गावच्या पाण्याचीही तपासणी करायचं ठरवलं होतं.

"बाई," सिंधु हळू आवाजात म्हणाली, "ती गुरुवारची ताई?"

विनीतानं तिला ओळखलं. "दुसऱ्या गावाला दिली, ताई. तिथं एक आई उभी राहिली आणि मुलाचं नाव घेऊन सगळं सांगितलं. तुमच्याकडं द्या म्हणून मीही लिहिलं होतं. पण वरच्यांनी रकान्यात काय लिहिलंय तेवढंच वाचलं."

"कोनत्या गावाला?"

विनीतानं नाव सांगितलं. "गुरुवारी मुलीला घेऊन या ना. मी कळवून ठेवते."

ते रामकिशनच्या बहिणीचं गाव होतं. शिल्पासाठी एक स्थळही तिथलंच सांगून आलं होतं. लातूरला मनाचे डॉक्टर होते, पण त्यांच्या पाट्या मोठ्या असतात आणि गावाकडच्या जीपा नेमक्या त्याच रस्त्यावर थांबतात. सिंधुनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे विनीताला कळलं नाही.

परत येताना पांदीच्या वाटेनं शिल्पा पुढं चालत होती. सिंधुला भूकंपानंतर राहायला मिळालेली पत्र्याची शेड आठवली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पाठची बहीण दगडाखाली गेली होती आणि सिंधुचं बोलणं बंद झालं होतं. तेव्हाही कुठल्या तरी संस्थेची एक ताई आली होती. सिंधु तिला एवढंच म्हणाली होती, पोट दुखतंय. त्या ताईनं पोटावर तळहात ठेवला आणि विचारलं, "आणि पोटाच्या वर?" तेव्हा सिंधु पहिल्यांदा रडली होती.

"शिल्पे, थांब."

शिल्पा थांबली. सिंधुनं तिच्या पोटावर हात ठेवला.

"आन् पोटाच्या वर?"

शिल्पानं आईकडं बघितलं. ओठ हलले. तेवढ्यात मागून फटफटीचा आवाज आला. रामकिशन होता.

"काय म्हनला डाक्टर?"

"पोटात काही न्हाई म्हनले," शिल्पा म्हणाली.

"बघ! मी म्हनलो नव्हतो?" त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. "बस पाठीमागं. सोमवारी पेपर हाय, उद्याच सोडून येतो."

शिल्पा बसली. गोळ्यांचं पाकीट सिंधुच्या हातातच राहिलं.

महिन्यानं पाण्याचा अहवाल आला. ग्रामसेवकानं तो पंचायतीच्या भिंतीला लावला. पाणी पिण्यास योग्य आहे. माणसं जमली. एकानं वाचलं, दुसऱ्यानं पुन्हा वाचलं.

"मंग आता कशाचं म्हनायचं?" गुरुलिंग म्हणाला.

सिंधु गर्दीच्या कडेला उभी होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आई," शिल्पाचा आवाज अगदी बारीक होता. "पोट दुखायलंय."

सिंधुनं गर्दीकडं बघितलं. रामकिशनही त्यात होता. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "शिल्पे, पोटाचं राहू दे. वर काय दुखायलंय ते सांग. बालाजीलाबी तेच दुखत हुतं, मला कळलं न्हाई. सांग माय."

माणसं वळली. रामकिशन खाली बघायला लागला. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिकडं क्लासची घंटा झाली.

"जाते आई. पेपर हाय."

फोन बंद झाला. सिंधुनं लगेच परत लावला. लागला नाही. ती तशीच, अंगावरच्या लुगड्यात, लातूरच्या जीपकडं चालायला लागली. चालता चालता पुन्हा लावला.

पाठीमागं माणसं पुन्हा भिंतीवरच्या अहवालाकडं वळली. मग धोंडाबाईचा आवाज आला.

"पान्यात न्हाई तर मंग खान्यात असंल बाई. शहरातलं ते मेसचं खानं."

"हाव," गुरुलिंग म्हणाला. "खान्याचंच असंल."