वळून बघायचं न्हाई

आमची कुत्री फर्न आज तिसऱ्यांदा अडून उभी राहिली. शिकारीच्या पक्ष्याऐवजी लव्हाळ्यात टाकलेली कापडी डमी तिनं बरोबर हुडकली, तोंडात हलकी धरली, दात कुठं रुतवला नाही. पण माझ्या हातात द्यायची वेळ आली की वीस पावलांवर थांबून नुसती बघत राहायची. मी एक पाऊल पुढं टाकलं, ती दोन मागं सरली.

"अगं, तिच्या मागं काय जातीस? खेळ वाटतोय तिला!" बांधावरून बा ओरडला आणि खोकत बसला.

बानं चाळीस वर्षं या डोंगरावर मालकाच्या शिकारीचे पक्षी राखले, कुत्री शिकवली. आता छाती साथ देत नाही, म्हणून घोंगडी गुंडाळून दगडी बांधावर बसतो आणि मला शिकवतो. ही त्याची शेवटची कुत्री. नाताळ निघाला तर पुष्कळ, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. बाला कुणी सांगितलं नाही. त्याला ठाऊक आहे.

"पाठ फिरव अन् घराकडं चालू लाग. वळून बघायचं न्हाई."

मी निघाले. माझा जीव मात्र बाच्या पायाशी चिखल कालवणाऱ्या मोरागमध्ये, माझ्या दोन वर्षांच्या पोरीत अडकलेला. खाली ओढा भरून वाहत होता. दहा पावलं गेले नाही तोच मागून चिखलात पाय वाजले. फर्ननं वळसा घालून समोर बसकण मारली आणि डमी माझ्या तळहातावर ठेवली.

"बघितलंस? येतंच मागनं," बा म्हणाला. मग बराच वेळ फाटकाकडं बघत राहिला. "गिडियन न्हाई आला."

गिडियन माझा भाऊ. सात वर्षांपूर्वी याच फाटकात त्याचं अन् बाचं वाजलं. त्याला राखणदारी नको होती, समुद्रावर तेलविहिरींच्या कामाला जायचं होतं. तो पिशवी घेऊन उभा, आणि बा पाठ करून घरात निघून गेला. बापानं तोडलं, असंच गिडियननं धरलं. मीही.

"बा, तू रागानं नव्हतास गेला?"

"राग कसला? दारापतूर कान मागंच व्हता माझा. पाय वाजत्यात का म्हनून."

"मग हाक मारायचीस की!"

"जलमभर कुत्री शिकवली, पोरी. मला दुसरं काय येतंय?"

डमी हातातून कधी पडली कळलं नाही. बघते तर ती मोरागच्या कवेत, आणि मोराग उतारावर, ओढ्याच्या अंगाला. मी हाक मारली तशी खिदळून आणखी पुढं. पाऊल उचललं, आणखी पुढं. क्षणभर मी थबकले, बाच्या तोंडाकडं पाहिलं.

त्याचा चेहरा पांढराफटक. "बघतीस काय? पळ! पळ तिच्या मागं!"

पाण्यापासून हातभर अंतरावर तिला उचललं. परत वळले तर बा घोंगडी टाकून दहा पावलं उतरून आलेला, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत.

"गिडियनला फोन लाव," तो म्हणाला.

लावला. पलीकडं रिंग वाजत राहिली, मग बंद पडली. फर्न बाच्या पायाशी येऊन बसली. त्याचं लक्ष नव्हतं.

"उचलत नाही, बा."

"परत लाव."