केवळाबाईंचा चुडा आणि माझा पारा

मी रक्तदाब मोजणारे एक जुने, पाऱ्याचे यंत्र आहे. लातूरच्या एका कर्करोगाच्या दवाखान्यात माझी सारी हयात गेली. मित्रांनो, माणसाचे काळीज ठोका देते ना, तेव्हा माझा पारा काचेत थरथरतो. हजारो वेळा पाहिले, तरी मी आजही थक्क होते!

आठ वर्षांपूर्वी इथे शेजारशेजारच्या खाटांवर दोघी होत्या. उदगीरच्या किराणा दुकानाच्या शिवकांताबाई आणि बंजारा तांड्यावरच्या केवळाबाई. दोघींना डाव्या स्तनाचा कर्करोग, दोघींना तेच लाल सलाईन. ते औषध गाठ मारते, पण पुढे काहींच्या हृदयाला त्रास देते. म्हणून दरवर्षी तपासणी. दोघी बऱ्या झाल्या, केवढा आनंद झाला मला!

पुढे शिवकांताबाईंचा दाब वाढला. मी लगेच सांगितले, गोळ्या सुरू झाल्या, त्या ठणठणीत राहिल्या. केवळाबाईंचे मात्र निराळेच झाले. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला पट्टा बांधायचा नसतो आणि उजव्या दंडावर तर त्यांचा चुडा, कोपरापासून खांद्यापर्यंत बांगड्याच बांगड्या. "धनी जिता हाय, उतरू कसा?" त्या म्हणत. मग घाईतल्या परिचारिका मागचाच आकडा उतरवून घेत. सात वर्षे माझ्या नावावर खोटे आकडे! मी मुकाट पेटीत. अजून लाज वाटते.

यंदा शिवकांताबाईच त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. चार पायऱ्यांतच केवळाबाईंना धाप लागली.

"तांड्यावरच्या बायांचं काळीजच कमजोर," रांगेतले कुणीतरी म्हणाले.

"काई बी बोलू नका!" शिवकांताबाई कडाडल्या. "माझ्या दुप्पट घागरी वाहायची ती. आधी मोजा तरी!"

नव्या नीलम्मा सिस्टरांनी चुड्याला हातही लावला नाही. केवळाबाईंना आडवे निजवले, स्वतः पायाशी बसल्या आणि माझा पट्टा पोटरीला गुंडाळला.

"माय, पायात बी तेच रगत हाय की."

फुगा दाबला. पारा चढत दोनशेवर जाऊन थरथरू लागला.

"पायाचा आकडा थोडा जास्त येतो, पण इतका नाही," डॉक्टर म्हणाले. पुढच्या तपासणीत कळले, त्या लाल औषधाने आणि न मोजलेल्या दाबाने हृदय थकले होते. पण अजून वेळ गेली नव्हती, गोळ्या सुरू झाल्या.

परवा केवळाबाई न थांबता पायऱ्या चढून आल्या. "सिस्टर, काढ तुझा पारा!" चुडा खळखळला. पट्टा पुन्हा पोटरीला बांधला. पारा एकशे चाळीसवर थरथरला, अगदी शिवकांताबाईंसाठी थरथरतो तसाच. काय सांगू, भरून आले मला!

मित्रांनो, पाऱ्याची यंत्रे आता मोडीत निघत आहेत. माझीही पाळी येईल. तोवर एवढेच मागते, कुणाच्या दंडाला माझा पट्टा बसला नाही, तर मागचा आकडा उतरवू नका. पायाशी बसा.