तिसऱ्या रांगेतले तज्ज्ञ

सुधीर बेहेरेने आयुष्यात कधी बेसबॉलची बॅट हातात धरली नव्हती, पण त्या खेळात कोणाचं काय चुकतं हे त्याला अचूक कळायचं. कुवेतला, शुवैखमधल्या एका कंपनीत तो अकाउंट्स बघायचा. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी सलव्याच्या मैदानावर पुन्हा त्याच कामाला लागायचं, असा त्याचा क्रम होता. शुक्रवारचं काम तो जास्त मन लावून करायचा.

त्याची मुलगी उर्वी, वय वर्षं तेरा, ‘सालमिया फाल्कन्स’ या शाळकरी मुलामुलींच्या टीममध्ये सेकंड बेसला खेळायची. टीममध्ये नाना देशांची पोरं होती आणि बघायला नाना देशांचे आईबाप. त्यांत मराठी बाप चार: सुधीर, बँकेतला देवेंद्र, आयटीतला आलोक आणि विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा लक्ष्मीकांत. स्टॅंडमधली तिसरी रांग या चौघांची. सुधीरची बायको चारुता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती आणि तिची शुक्रवारी ड्यूटी असायची, त्यामुळे त्याला ‘हळू बोल’ म्हणणारं तिथे कोणी नसे.

गेल्या मोसमात फाल्कन्सनी फायनल गाठली होती. मग कुवेतमध्ये दरवर्षी जे होतं तेच झालं. माणसं गेली. सुसाट बॉल टाकणाऱ्या अनिकेतच्या आईवडिलांना कॅनडाचे कागद मिळाले. जिचा फटका थेट कुंपणापार जायचा त्या जवेरियाच्या वडिलांची दोह्याला बदली झाली. टीमचा जुना मॅनेजर, म्हणजे कोच, एक उंचापुरा अमेरिकन इंजिनियर, कॉन्ट्रॅक्ट संपलं तसा घरी परतला. अनिकेतला निरोप द्यायला सुधीर विमानतळावर गेला होता आणि मिठी मारताना त्याचे डोळे भरून आले होते. पोरगा चालला म्हणून की पिचर चालला म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि लीगवाल्यांनी नवीन मॅनेजर कोण आणावी, तर ताहिरा. पस्तिशीची, एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, डोक्याला करड्या रंगाचा स्कार्फ आणि त्यावर टीमची टोपी. पहिल्या दिवशी तिने पालकांना गोळा करून अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सांगितलं की या वर्षी सगळ्यांना सगळ्या जागी खेळवणार, कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळले आहे, सांभाळून घ्या. तिसऱ्या रांगेने तिला सांभाळून घेतलं नाही. नाव ताहिरा, हिंदी चांगली, म्हणजे लाहोरकडची असणार, हा निष्कर्ष चौघांनी पाच मिनिटांत काढला आणि तिथेच तो विषय संपवला.

परदेशात मराठी माणसाला एक सोय असते. लिफ्टमध्ये, दुकानात, बँकेच्या रांगेत तो समोरच्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल खुशाल बोलू शकतो. चेहरा तेवढा सरळ ठेवायचा. या सोयीची सुधीरला इतकी सवय झाली होती की आता तो चेहराही सरळ ठेवत नसे.

फाल्कन्स पहिली मॅच हरले. दुसरी हरले. ताहिरा दर मॅचला नवा पिचर उभा करायची आणि नवा पिचर दर मॅचला धुतला जायचा.

“अरे, ही टीम चालवतेय का भिशी?” दुसऱ्या मॅचला सुधीर रांगेत उभा राहून म्हणाला. “आज तुझा नंबर, पुढच्या शुक्रवारी तुझा!”

देवेंद्र इतका हसला की त्याचा चहा सांडला. त्या दिवसापासून ताहिराचं नाव ‘भिशीवाली’ पडलं. माणसाच्या एका विनोदाला दाद मिळाली की त्याला दुसरा सुचतो, आणि दुसरा सहसा पहिल्यापेक्षा हलका असतो. “हिने आधी ठरवावं म्हणावं, डोक्यावर टोपी घालायची की ओढणी,” हेही त्याच दुपारी सुधीरच म्हणाला. “लाहोरला परत पाठवा रे हिला कोणीतरी, येताना आमचा अनिकेत आणा,” हेही त्याचंच. मोठ्याने म्हणाला, कारण कुजबुजायचं कारणच नव्हतं. डगआउट, म्हणजे टीमची बसायची जागा, तिथून हाकेच्या अंतरावर होतं. ताहिरा वळूनही बघत नसे. तिला कळतच नाही म्हटल्यावर वळेल कशाला, अशी सुधीरची पक्की समजूत होती.

एकदा घरी उर्वी म्हणाली, “बाबा, तू मॅचला आलास तर प्लीज जस्ट क्लॅप कर ना. बाकी नको.”

“अगं, आम्ही आपापसात बोलतो.”

“आय नो,” उर्वी म्हणाली आणि हेडफोन लावून बसली. सुधीरला वाटलं, हे वयच असं.

चौथ्या मॅचला उर्वी फर्स्ट बेसवरून सेकंडकडे धावली आणि घसरताना तिचा पाय मुरगळला. “आई गं!” एवढंच ओरडून ती मातीत बसली. सुधीर रांगा उतरून, कुंपणाचं दार ढकलून धावत सुटला. तो पोचायच्या आधी ताहिरा पोचली होती. गुडघ्यावर बसून तिने उर्वीचा बूट काढला होता आणि घोट्यावर हात ठेवून ती म्हणत होती:

“रडू नको गो बाय. कुठं दुखता ता दाखव. हां, आता बोटां हलव बघू. हलतात ना? मग काय नाय झाला. मोडला बिडला काय नाय.”

सुधीर चार पावलांवर थांबला. त्याच्या आजोळी, रत्नागिरीत, बायका असंच बोलायच्या. हे कोणी शिकवून येत नाही. या बाईच्या घरात बोलतात ती बोली होती ही.

ताहिराने मान वर केली आणि त्याच्याशी अगदी पुस्तकी, स्वच्छ मराठीत बोलली. “भाऊ, त्या निळ्या खोक्यात बर्फ आहे. तेवढा आणता का?”

तो बर्फ आणायला गेला. जाताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि डोक्यात एकामागून एक आपलेच शब्द वाजत होते, आपल्याच आवाजात. भिशीवाली. ओढणी. लाहोर. ‘भाऊ’ म्हणाली ती. बर्फ आणून दिला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, उर्वीकडे पाहिलं. आणि उर्वीच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. मॅनेजरबाई मराठी बोलल्या याचं त्या पोरीला काहीच नवल नव्हतं.

मॅचनंतर दोघं गाडीने घरी निघाले. सालमियाच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा सुधीरने विचारलं, “तुला माहीत होतं?”

“शी इज फ्रॉम दापोली, बाबा. ताहिरा मुकादम. फर्स्ट डेपासून माहितीये.”

मुकादम. कोकणातलं हे आडनाव विचारलं असतं तरी कळलं असतं. विचारायची गरजच वाटली नव्हती.

“मग मला सांगायचं नाहीस?”

“सांगणार होते. कोच म्हणाल्या, नको सांगू.” उर्वी खिडकीबाहेर बघत होती. “त्या म्हणाल्या, तुझ्या बाबांना तुझ्यासमोर लाज वाटेल, तसं नको व्हायला.”

सुधीरने स्टिअरिंग घट्ट धरलं. महिनाभर तो त्या बाईची अब्रू काढत होता आणि महिनाभर ती त्याची झाकत होती. तीही त्याच्या मुलीच्या मदतीने. आणि त्याची मुलगी दर शुक्रवारी सेकंड बेसवर उभी राहून आपल्या बापाचा शब्द न शब्द ऐकत होती, आपल्या कोचबरोबर. मागचा कोणी हॉर्न वाजवायला लागला तेव्हा त्याला सिग्नल सुटल्याचं कळलं.

घरी चारुताने घोट्याला क्रेप बँडेज बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. “मला तुझी लाज वाटते सुधीर,” एवढं म्हणाली आणि बँडेजची पिन लावली. त्यालाही वाटतच होती.

आठवडाभर त्याने ताहिराला पाठवायचे मेसेज टाइप केले आणि पुसले. ‘गैरसमज झाला असल्यास’ असं लिहिलं आणि स्वतःचाच राग आला. गैरसमज कसला? तिला सगळं बरोबर समजलं होतं.

पुढच्या शुक्रवारी उर्वी पाय बांधून बाकावर बसणार होती, तरी तिला जायचंच होतं. सुधीर तिसऱ्या रांगेत जाऊन बसला आणि गप्प राहिला. पण त्याच्या विनोदांना आता त्याची गरज उरली नव्हती. ते आपले आपण चालू लागले होते.

“आज कोणाची भिशी लागली रे?” देवेंद्रने सुरुवात केली. आलोक खिदळला. “सुध्या, आज तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का? बोल की काहीतरी.”

खाली ताहिरा मुलांना हेल्मेटं वाटत होती. तिच्या मागे उर्वी बसली होती आणि वर बघत होती. सरळ तिसऱ्या रांगेकडे.

सुधीर उभा राहिला. “देवेंद्र, पुरे. त्या दापोलीच्या आहेत. त्यांना मराठी येतं. आपल्यापेक्षा चांगलं येतं. पहिल्या दिवसापासून सगळं ऐकलंय त्यांनी.”

आलोकने मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघू लागला. देवेंद्रचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“पण आम्ही कुठे काय बोललो?” तो म्हणाला. “आम्ही नुसते हसलो. बोलायचास तू.”

“हो,” सुधीर म्हणाला. “मीच बोलायचो.”

लक्ष्मीकांत पहिल्यांदाच न विचारता तोंड उघडून म्हणाला, “खरंय.” मग तिघेही हळूच उठून दुसरीकडे जाऊन बसले, आणि तिसऱ्या रांगेत सुधीर एकटा उरला. विचित्र गोष्ट अशी की त्याला बरं वाटलं. चारचौघांत कबूल केलं, मित्र गेले, म्हणजे झाली शिक्षा, असा त्याच्या मनाने हिशेब मांडला. हिशेब मांडायची त्याला सवयच होती. आता खाली जाऊन माफी मागितली की संपलं.

फाल्कन्स त्याही दिवशी हरले, पिचरने सलग तीन जणांना फुकट बेस दिले. ताहिरा काही चमत्कार करणारी मॅनेजर नव्हती. पण सुधीरच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. मॅच संपल्यावर तो डगआउटमध्ये गेला. मुलं पाणी प्यायला गेली होती. ताहिरा बॅटा पिशवीत भरत होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “मी जे काही बोललो ते फार घाणेरडं होतं. तुम्हाला कळत नाही असं समजून बोललो, पण कळत नसतं तरी ते घाणेरडंच होतं. माझ्या मुलीसमोर तुम्ही मला सांभाळलंत. मी तुमची माफी मागतो.”

आठवडाभर घोकलेलं बोलून झालं.

ताहिराने हातातली बॅट खाली ठेवली. “वर उभं राहून बोललात ते ऐकलं मी. उर्वीनंही ऐकलं. बरं केलंत.” ती थोडी हसली. “माझं सोडा हो भाऊ. हॉस्पिटलात पेशंट काय काय बोलतात. शिवाय मॅच तर आम्ही हरतोच आहोत.”

सुधीरच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. तेवढ्यात ती म्हणाली, “माझी आई आलीये गावाहून. व्हिजिटवर.”

“अच्छा?”

“घरात एकटी कंटाळते. इथे बोलणार कोणाशी? हिंदी तिला धड जमत नाही. म्हणून पहिल्या दोन मॅचना मी तिला इथे आणलं होतं. म्हटलं, चल, तिथे आपली माणसं आहेत, मराठी बोलतात, त्यांच्याजवळ बस. तुला करमेल.”

सुधीरला आठवलं. पांढरी ओढणी घेतलेली एक म्हातारी. तिसऱ्या रांगेत शिरता येईना म्हणून त्यानेच सरकून जागा दिली होती. ‘आइए माँजी, बैठिए,’ म्हणाला होता. ती काहीतरी बोलायला म्हणून हसून त्याच्याकडे वळली होती, आणि तेवढ्यात मैदानात काहीतरी झालं होतं आणि तो उठून ओरडला होता. भिशीचा विनोद. दोन्ही शुक्रवारी ती त्याच्या शेजारीच बसली होती. त्या दुपारचं पुढचं सगळंही तिच्या कानाशीच म्हटलं गेलं होतं, तिच्या मुलीबद्दल, तिच्या भाषेत.

“आता येत नाही ती,” ताहिरा म्हणाली. “पायऱ्या चढताना गुडघे दुखतात म्हणते.”

“मी घरी येतो,” सुधीर घाईने म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्याने लपवलं नाही. “त्यांच्या पाया पडतो. आजच येतो. चारुतालाही आणतो.”

ताहिराने पिशवीची चेन ओढून बंद केली.

“नका येऊ,” ती म्हणाली. “तिनं मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिला वाटतं, मी मैदानात असते, मला तिथवर काही ऐकू येत नाही. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात की तिला कळेल, मीही सगळं ऐकत होते. एवढी एकच समजूत आहे तिच्याजवळ. ती राहू द्या तिला.”