कीपरची रेघ

माझा नवरा पगारावर क्रिकेट खेळतो, हे लग्नाच्या वेळी काकांना समजावताना माझ्या वडिलांच्या नाकीनऊ आले होते. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कळलं. पण काम काय करतो?"

त्याचं काम म्हणजे सहाव्या नंबरला फलंदाजी आणि मधल्या षटकांत मध्यमगती गोलंदाजी. दोन्ही बऱ्यापैकी, अव्वल एकही नाही. हे मी म्हणते, मला अधिकार आहे. संघाचे प्रशिक्षक तेच जरा गोड करून सांगतात: दोन कामं करतो म्हणून त्याला जागा, त्यातलं एक गेलं की जागा गेली. करार वर्षाचा असतो. हंगाम संपत आला की पुढचा ठरतो, आणि तेवढे दिवस आमच्या घरात सगळे जीव मुठीत धरून जेवतात.

माझा धाकटा भाऊ त्याच संघाचा कीपर. बहिणीच्या नवऱ्याच्या वशिल्याने आला, असं सुरुवातीला लोक म्हणायचे. मग त्याने असे काही झेल घेतले की लोकांची तोंडं बंद झाली. तो मैदानावरही नवऱ्याला 'भाऊजी' म्हणतो. त्यामुळे आता सगळा संघच म्हणतो, समोरच्या संघातले दोघे-तिघेसुद्धा.

गोलंदाजात किती जोर आहे हे कीपर सांगतो, तेही न बोलता. चेंडू वेगात येत असेल तर तो स्टंपपासून लांब उभा राहतो, हळू येत असेल तर स्टंपला चिकटून. नवरा गोलंदाजीला आला की भाऊ लांब मागे जातो, बुटाच्या खिळ्याने गवतावर रेघ ओढतो आणि तिच्यामागे उभा राहतो. पहिल्या हंगामापासून तेवढाच लांब. मधल्या काळात नवऱ्याचं वय वाढलं, खांदा कुरकुरायला लागला. रेघ मात्र जागची हलली नाही.

मी नेहमी आडव्या बाजूला, स्टंपच्या रेषेत बसते. बाकीच्यांना समोरून चेंडू वळताना दिसतो, मला तो पोचताना दिसतो. पूर्वी तो भावाच्या कमरेशी पोचायचा. गेल्या वर्षी गुडघ्याशी आला. या वर्षी भाऊ चेंडू येता येता गुपचूप पुढे सरकायचा, घोट्यापाशी वाकून घ्यायचा आणि तळवा पोळल्यासारखे हात झटकायचा. मग रमतगमत परत रेघेवर. नट व्हायचा तो कीपर झाला.

एकदा तो जेवायला आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"पुढे का उभा राहत नाहीस?"

त्याने आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. नवरा तिथे खांद्याला शेक घेत बसला होता.

"ताई, मी पुढे आलो की सगळ्या मैदानाला कळणार. प्रशिक्षकांनाही. मग करार विसरा."

"आणि बॅटची कड लागून झेल तुझ्यापर्यंत पोचलाच नाही तर?"

"लागेल तेव्हा बघू."

मी भांडी जरा जोरात आपटली. खरं सांगायचं तर मलाही ती रेघ तिथेच हवी होती. नवरा म्हातारा होतोय हे लोकांनी पाहावं, एवढं काळीज माझ्यात नव्हतं.

शेवटच्या सामन्यात कड लागली. नवरा फलंदाजीत आल्या पावली परतला होता, तेव्हा जे काही दाखवायचं ते चेंडूनेच. समोरचा फलंदाज क्रीजच्या चांगला बाहेर उभा राहून खेळत होता. कीपर लांब, मग स्टंपिंगची भीती कुणाला? तरी एक चेंडू सुरेख वळला, कड घेऊन मागे गेला आणि भावाच्या ग्लोव्हजच्या पुढेच टप्पा पडला. वर गॅलरीत प्रशिक्षक हाताची घडी घालून बसले होते.

पुढचं बोलणं मला भावाने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "हात पोचला नाही भाऊजी, माझी चूक."

नवरा चालत गेला, टप्पा पडला ती जागा पाहिली, मग रेघ पाहिली.

"कधीपासून?"

भाऊ ग्लोव्हजची पट्टी उगाच घट्ट करत राहिला.

"हेल्मेट मागव."

"भाऊजी, वर ते बघतायत."

"बघू देत. मागव."

कीपर स्टंपला चिकटून उभा राहणार असेल तरच हेल्मेट लागतं. ते आत येताना अख्ख्या मैदानाने पाहिलं. समोरच्या संघातलं कुणीतरी हसलं. नवऱ्याने बुटाने रेघ पुसली, नीट, माती सारखी करून, आणि आपल्या जागी चालत गेला. मला रडू फुटलं, आणि शेजारच्या बाईंना वाटलं ऊन लागलं.

फलंदाज एक-दोन चेंडू क्रीजमध्ये अवघडून खेळला, मग सवयीने पाय बाहेर टाकला. चेंडू बॅटला चुकवून गेला आणि भावाने बेल्स उडवल्या. त्यानंतर आणखी दोघे गेले. पुढे यायला जागा उरली नाही की माणूस चुकतो.

सामना संपल्यावर प्रशिक्षक पॅव्हेलियनच्या बोळात भेटले. "अख्खा हंगाम तुम्ही मला आंधळाच समजत होता का?" ते नवऱ्याला म्हणाले. "कीपर आजच्यासारखा स्टंपपाशीच उभा राहिला तर अजून एक वर्ष. पुढचं पुढे."

घरी येताना नवरा आम्हा दोघांच्या चार पावलं पुढेच चालला. भाऊ अपराध्यासारखा जेवणाच्या टेबलाशी बसला. स्टंपमागे इतक्या जवळून चेंडू घेऊन त्याची करंगळी सुजली होती. नवऱ्याने बर्फ आणला, फडक्यात गुंडाळला आणि त्याचा हात हातात घेतला.

"दुखतंय?"

"हो."

"खरं सांग. आता पुरे झाली नाटकं."

"खरंच दुखतंय, भाऊजी. ठणकतंय."

नवऱ्याने बोट उलटसुलट करून पाहिलं, सूज चाचपली, आणि त्या अख्ख्या हंगामात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.